चोराच्या मनातलं चांदणं

मला अंतराळयानाबाहेर फेकून दिलं, तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल. पडद्यावर माझा पिवळा अंतराळवीर गिरक्या घेत घेत काळोखात दिसेनासा झाला आणि इंग्रजीत सूचना झळकली, की पिवळा घुसखोर नव्हता.

"सॉरी मामा," भाचा म्हणाला. "पण तू फारच सस वाटत होतास."

सस म्हणजे सस्पिशस. 'अमंग अस' खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मला सांगावा लागला, कारण तो माझा पहिलाच डाव होता.

"पण मी केलं काय?"

"तू उत्तर द्यायला किती वेळ लावलास! आणि मग हसलास."

वेळ लागला, कारण मला माइकचं बटण सापडत नव्हतं. हसलो, कारण ते सापडलं. पण ऐकतो कोण? चोर सोडून संन्याशाला सुळी!

तुमच्यापैकी काहींनी हा खेळ पाहिला नसेल, तर थोडक्यात सांगतो. एका यानावर रंगीबेरंगी अंतराळवीर असतात, कमीत कमी 4 आणि जास्तीत जास्त 15. त्यातले बहुतेक सरळमार्गी क्रूमेट. त्यांनी यानावरची कामं करायची, म्हणजे वायरी जोडायच्या, कचरा बाहेर टाकायचा, ओळखपत्र घासायचं. (हे कार्ड एकदा फार हळू घासलं जातं, एकदा फार जोरात. मी अकरा वेळा घासलं.) त्यांच्यात लपलेले असतात एक, दोन किंवा तीन इम्पोस्टर, म्हणजे घुसखोर. ते काम करण्याचं नुसतं नाटक करतात, एकट्यादुकट्याला गाठून संपवतात आणि जमिनीतल्या व्हेंटमध्ये शिरून भलतीकडेच निघतात. कुणाला प्रेत सापडलं की सगळ्यांची सभा भरते. तिथे भांडायचं, आरोप करायचे आणि मत द्यायचं. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो यानाबाहेर. कुणालाच काढायचं नसेल तर 'स्किप' दाबायचं. हे स्किपचं बटण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमच्या डावात नेमकं काय झालं ते ऐका. (मेडबे, नेव्हिगेशन, इलेक्ट्रिकल ही यानावरच्या खोल्यांची नावं.) आम्ही सहा जण होतो आणि घुसखोर एक. पांढरा म्हणजे नाशिकचा मावसभाऊ, तो फोनवरून खेळत होता. त्याला निळ्याचं प्रेत सापडलं. सभा भरली.

"निळा गेला!" पांढरा ओरडला.

"मी तर इलेक्ट्रिकलकडे फिरकलेसुद्धा नाही," गुलाबी, म्हणजे माझी भाची, म्हणाली. "मी मेडबेमध्ये होते."

"मी नेव्हिगेशनला," लाल म्हणजे भाचा म्हणाला. "मामा, तू कुठे होतास? मामा? मामा!"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

पण जरा थांबा. वरचा संवाद पुन्हा एकदा वाचा. काही खटकलं?

मलाही खटकलं, पण भूत झाल्यावर. आणि आमच्याकडे नियम असा, की भुतांनी माइक बंद ठेवायचा. (मेल्यावर कामं मात्र सुटत नाहीत हं. भुतांनासुद्धा वायरी जोडाव्या लागतात.) मी खुर्चीत बसून नुसता चुळबुळत होतो. सभेच्या पडद्यावर कोण मेलं हे सगळ्यांना दिसतं. कुठे मेलं, हे मात्र ज्याला प्रेत सापडलं त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. पांढऱ्याने खोलीचं नावच घेतलं नव्हतं. मग 'इलेक्ट्रिकल' गुलाबीच्या तोंडून आलं कुठून?

लालसुद्धा मेला, तिघं उरले, आणि तेव्हा कुठे हिरव्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवा म्हणजे शेजारचा, वय वर्षं दहा. "एक मिनिट," तो म्हणाला. "मघाशी इलेक्ट्रिकल असं कोण म्हणालं होतं?" फोनवर अशी शांतता पसरली, की विचारू नका. दोन विरुद्ध एक मतांनी गुलाबी यानाबाहेर!

चोराच्या मनात चांदणं, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बाहेर मिट्ट काळोख असला तरी चोराला वाटतं, लख्ख चांदणं पडलंय आणि सगळ्यांना मी दिसतोय. मला या म्हणीचा आणखी एक अर्थ लावावासा वाटतो. या खेळात बाकीचे सगळे खरोखर अंधारात असतात. कोण साधा, कोण घुसखोर, प्रेत कुठे पडलंय, त्यांना काही दिसत नाही. सगळं दिसतं ते एकट्या चोराला. चांदणं खरंच त्याच्याच मनात असतं! आणि जे फक्त चांदण्यातच दिसू शकतं, ते तो चुकून बोलून जातो.

म्हणजे चोराचा चेहरा बघण्यापेक्षा त्याला काय माहीत आहे ते बघायला हवं. पण आपण काय करतो? चेहरा बघतो. आवाज ऐकतो. "अडखळला! नजर चुकवली! हसला!" ही खोड काही फक्त माझ्या भाच्याची नाही. शास्त्रज्ञांनी 75 देशांतल्या लोकांच्या खोट्याबद्दलच्या समजुती तपासल्या, तेव्हा खोटं बोलणारा नजरेला नजर देत नाही, ही समजूत जगभर आढळली. ती फारशी खरी नाही. नजर चुकवणारा नुसता लाजाळू असू शकतो, आणि सराईत थापाड्या तुमच्या डोळ्यांत डोळे घालून थाप मारतो.

मग चेहरा बघून, बोलणं ऐकून खोटं किती वेळा ओळखता येतं? चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये या विषयावरच्या कितीतरी प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. प्रयोगांत भाग घेणाऱ्यांची संख्या होती 24 हजारांहून जास्त. खरं आणि खोटं ओळखण्यात ते 100 पैकी सरासरी किती वेळा बरोबर आले असतील? 54 वेळा! नुसतं नाणं उडवून, छापा आला की खरा आणि काटा आला की खोटा, असं ठरवलं असतं तरी 50 वेळा बरोबर आलं असतं. थोडक्यात, मला ज्या पद्धतीने यानाबाहेर काढलं, ती नाण्यापेक्षा चार पावलंच पुढे होती.

बिरबलाला हे माहीत असावं. त्याची ती काठ्यांची गोष्ट आठवते? चोरी झाली, नोकर गोळा केले, बिरबलाने प्रत्येकाला सारख्या लांबीची काठी दिली आणि सांगितलं, की चोराची काठी रात्रीत बोटभर वाढेल. सकाळी एकाची काठी बोटभर आखूड निघाली. बिरबलाने कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही की कुणाला दरडावलं नाही. ज्याच्याजवळ चोरीची माहिती होती, त्याचाच हात कापायला गेला.

बरं, हा खेळ आला कुठून? 'अमंग अस' अमेरिकेतल्या इनरस्लॉथ नावाच्या छोट्याशा कंपनीने 2018 मध्ये आणला. दोन वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मग 2020 ची टाळेबंदी आली, घराघरांत अडकलेली मुलं मोबाइलवर एकत्र खेळायला लागली आणि खेळ जगभर पोचला. पण मूळ कल्पना त्याहून खूप जुनी आहे. 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव यांनी 'माफिया' नावाचा खेळ रचला. पट नाही, फासे नाहीत, नुसती गोल बसलेली माणसं. थोड्यांना सगळं माहीत, पुष्कळांना काहीच माहीत नाही, आणि झुंज या दोघांची. पुढे 1997 मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियांच्या जागी माणसाचं रूप घेतलेले लांडगे आणले. गाव, गावकरी आणि त्यांच्यात लपलेला लांडगा.

लांडग्याचा हा खेळ चिठ्ठ्यांवर घरी खेळता येतो, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. कागद-पेन्सिल घ्याच.

समजा, लांडगा एकच आहे. दिवसा गावाने मत देऊन एकाला हाकलायचं. तो लांडगा निघाला तर गाव जिंकलं. नाही निघाला, तर रात्री लांडगा एकाला खातो. लांडगा आणि एकच गावकरी उरला की लांडगा जिंकला. समजा, कुणाला काहीही सुगावा लागत नाही आणि मत आंधळेपणाने दिलं जातं.

तिघं असतील तर? लांडगा सापडण्याची शक्यता तीनात एक, म्हणजे सुमारे 33 टक्के. चुकलात की खेळ खलास. आता गावात आणखी एक सज्जन माणूस आला आणि चौघं झाले. गावाची ताकद वाढली ना? छे! चौघांत लांडगा सापडण्याची शक्यता 25 टक्के. चुकलात तर तिघं उरतील, रात्री त्यातला एक जाईल, दोघं उरतील आणि खेळ खलास. एक भला माणूस वाढला आणि गावाची संधी 33 वरून 25 वर घसरली!

पुढे बघा. पाच जण असतील तर पहिल्या दिवशी पाचात एक संधी. चुकलं, तर रात्रीनंतर तिघं उरतात आणि तीनात एक अशी दुसरी संधी मिळते. दोन्ही मिळून होतात 15 पैकी 7, म्हणजे जवळजवळ 47 टक्के. आणि सहा? पुन्हा घसरण, 37.5 टक्के. सम संख्या आली की गाव आपटतं. (सात आणि आठचं गणित तुम्ही करा. उत्तरं अनुक्रमे 54 आणि 45 टक्क्यांच्या आसपास यायला हवीत.)

आता ते स्किपचं बटण आठवा. सहा जण आहेत आणि सुगावा काहीच नाही, तर मत देऊच नका! रात्री लांडगा एकाला खाईल, पाच उरतील आणि गावाची संधी 37.5 ऐवजी 47 टक्के होईल. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तो बिचारा खाल्ला जाईपर्यंत गप्प बसायचं?" हो. क्रूर आहे, पण गणित तसंच सांगतं. 'अमंग अस'मध्ये रात्र-दिवस असे ठरावीक नसतात, त्यामुळे हे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी उगीच कुणाला तरी बाहेर काढण्याची घाई तिथेही महागात पडतेच. मला विचारा!

गणितज्ञांनी तर मोठ्या गावांचाही विचार केलाय. 2008 मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल या तिघांनी दाखवलं, की गावाकडे गुप्तहेर (म्हणजे गुपचूप एकेकाची खरी ओळख तपासू शकणारा गावकरी) नसेल तर लांडग्यांची संख्या एकूण माणसांच्या वर्गमुळाच्या आसपास असली, तरी ते गावाला तुल्यबळ ठरतात. दहा हजारांच्या गावाला शंभरेक लांडगे तोडीस तोड! माहिती असणारे थोडे, नसणाऱ्या पुष्कळांना कसे पुरून उरतात, ते पाहिलंत? आणि गावात थोडेसेच गुप्तहेर आले, की हे चित्र पालटतं. मग लांडग्यांना वर्गमूळ पुरत नाही, गावाचा चांगला मोठा हिस्सा व्हावं लागतं.

पण आपल्याला आंधळं मत द्यायचं नाही, सुगावे मिळतात. तर एका सुगाव्याने संशय किती वाढवायचा? याचं उत्तर इंग्लंडमधल्या थॉमस बेझ नावाच्या एका धर्मगुरूने शोधलं. त्याचा निबंध छापून आला 1763 मध्ये, तो गेल्यानंतर दोन वर्षांनी. त्याची युक्ती आमच्याच यानावर लावून पाहू.

मी स्वतः साधा, म्हणून डावाच्या सुरुवातीला माझ्यासाठी संशयित पाच. असे 100 डाव झाले, तर लाल त्यातल्या 20 डावांत घुसखोर असेल आणि 80 डावांत साधा. आता कुणीतरी म्हणतं, "लाल इलेक्ट्रिकलजवळ दिसला!" समजा, घुसखोर असताना तो तिथे 20 पैकी 18 वेळा दिसतो. पण साध्या माणसालाही वायरी जोडायला तिथे जावंच लागतं. समजा, चार डावांत एकदा, म्हणजे 80 पैकी 20 वेळा. तर तो तिथे दिसला असे एकूण डाव 38, आणि त्यातले घुसखोरीचे फक्त 18. निम्मेसुद्धा नाहीत! संशय 20 टक्क्यांवरून 47 वर गेला हे खरं, पण अजूनही तो निर्दोष असण्याचीच शक्यता किंचित जास्त आहे. तितकाच जोरदार दुसरा सुगावा मिळाला, तर संशय 76 टक्क्यांवर जातो. 20 पैकी 18 आणि 80 पैकी 20 हे आकडे मी आपले धरून चाललोय, तुम्ही वेगळे धरा. पण "दिसला म्हणजे तोच!" असं ओरडणारे दर डावात का तोंडघशी पडतात, ते यातून कळतं.

आता सांगतो ते मला सगळ्यात आवडलेलं. 'अ‍ॅव्हलॉन' नावाचा असाच एक खेळ आहे, राजा आर्थरच्या सरदारांचा. पाच जण खेळले तर दोन हेर आणि तीन इमानदार. हेर एकमेकांना ओळखतात, आणि त्यांच्यातला एक असतो मारेकरी. इमानदारांपैकी एक असतो मर्लिन जादूगार, त्याला हेर कोण ते माहीत असतं. दोघा-तिघांची तुकडी मोहिमेवर पाठवायची, सगळ्यांनी तिला होकार किंवा नकार द्यायचा, आणि तुकडीत हेर असला तर तो गुपचूप वाईट पान टाकून मोहीम बुडवू शकतो.

2019 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी हा खेळ खेळणारा एक संगणक प्रोग्रॅम बनवला, डीपरोल. इंटरनेटवर तो माणसांबरोबर हजारो डाव खेळला आणि माणसांपेक्षा सरस ठरला. आणि गंमत म्हणजे तो एक शब्दही बोलत नव्हता! त्याला ऐकूही येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं, चेहरे दिसणं तर दूरच. तो बघायचा ते एवढंच, की कुणी कुणाला तुकडीत घेतलं, कुणी होकार दिला, कुणी नकार दिला आणि मोहीम फसली की जिंकली.

त्याचा हिशेब बसायचा कसा? मर्लिन पाचांपैकी कुणीही. मारेकरी हेर उरलेल्या चारांपैकी कुणीही. दुसरा हेर उरलेल्या तीनांपैकी कुणीही. 5 गुणिले 4 गुणिले 3, म्हणजे भूमिका वाटण्याच्या फक्त 60 तऱ्हा. स्वतःची चिठ्ठी उघडून 'साधा इमानदार' निघालात की 24 च उरल्या. बाकीच्या चौघांपैकी दोघांची मोहीम एका पानाने फसली, की हेरांची जोडी मागे राहिलेल्या दोघांचीच असणं अशक्य, म्हणून आणखी 4 बाद, उरल्या 20. (तुम्ही म्हणाल, एकच पान वाईट, म्हणजे तुकडीत हेरही एकच. तसं नाही. दोघंही हेर असतील आणि एकाने शहाणपणाने चांगलं पान टाकलं असेल!) मग प्रत्येक मतासरशी डीपरोल विचार करायचा, की या माणसाला अमुक माहीत असतं तर तो असा वागला असता का? काही शक्यता फुगत, काही सुकत. बिरबलाच्याच काठ्या, फक्त साठ.

बिचाऱ्या मर्लिनची मात्र मला दया येते. तो सज्जन, पण त्याच्याही मनात चांदणं! इमानदारांनी मोहिमा जिंकल्या, तरी शेवटी मारेकऱ्याला मर्लिन कोण ते ओळखण्याची एक संधी मिळते, आणि ओळखलं तर हेर जिंकतात. म्हणून मर्लिनला सगळं माहीत असूनही अधूनमधून मुद्दाम चुकावं लागतं. जास्त माहिती लपवणं चोराला जितकं जड, तितकंच साधूलाही.

आमच्या गुलाबीने धडा घेतला. पुढच्या डावात सभा भरल्याबरोबर ती सगळ्यांच्या आधी ओरडली, "कुठे? कुठे सापडलं?" मुरलेले खेळाडू हाच प्रश्न आधी विचारतात. ती मात्र इतक्या उत्साहाने ओरडली, की तिच्या भावाने विचार न करताच तिला मत दिलं. त्या वेळी ती साधी होती.

रात्री वायफाय गेलं. मग राजा-राणी-चोर-शिपाई निघालं, वहीच्या कागदाच्या चार चिठ्ठ्या. आजी, दोन्ही भाचरं आणि मी. राजा आणि शिपाई समोर येतात, उरलेल्या दोघांतून शिपायाने चोर शोधायचा. भाचा चोर झाला की चिठ्ठी मुठीत घट्ट आवळतो. भाची राणी झाली की उगीच छताकडे बघते, आणि चोर झाली की बघत नाही. मी काय करतो ते मला माहीत नाही, पण दोघांनाही ते माहीत असावं, कारण मी दर वेळी सापडलो.

आजी चिठ्ठी उघडते, वाचते, चष्म्याच्या डबीखाली सरकवते आणि विचारते, "गॅसवर दूध ठेवलंय का रे कुणी?" राणी आली तरी दूध. शिपाई आला तरी दूध. चोर आला तरी तेच दूध, त्याच आवाजात. कुठलीही चिठ्ठी आली तरी तेच वागायचं, मग त्या वागण्यातून समोरच्याने शोधायचं काय? त्या रात्री आजी सहा वेळा चोर झाली आणि तीन वेळा सापडली. म्हणजे आजीसमोर शिपाई पुन्हा नाण्यावर!

भाची तिच्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि परत आली.

गॅसवर दूध नव्हतंच.